वांद्र्याचा धर्मग्राम आणि त्याचे धुरीण



सप्टेंबर महिन्यांत मुंबईस गेलेल्या आपल्या वऱ्हाडकरांपैकीं पुष्कळांनीं वांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा पाहिली असेल. ८ सप्टेंबरला मरियामातेच्या जन्माचा सण येतो. त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर ही जत्रा भरते. मेणबत्त्या, मेणाचे हातपाय, मेणाचीं घरकुलें घेऊन हिंदु, पारशी, ख्रिस्ती सारेच ती टेकडी चढतात. परंतु टेकडीखालीं समुद्राच्या बाजूस सेंट अँड्र्यूचें जें जुनें चर्च आहे, तिकडे यात्रेकरूंचें लक्ष फारसें जात नाहीं. वांद्र्याच्या ख्रिस्ती वस्तीचा इतिहास मात्र त्याच चर्चच्या आवारांत सांठविलेला आहे. तो आज थोडक्यांत सांगावा, आणि अशा वस्तीचें पुढारीपण वस्तुतः कोणाकडे असतें याचाही विचार करावा, असा माझा हेतु आहे.

प्रथम पॅरिश म्हणजे काय तें पाहूं. मराठी कॅथलिक लोक त्यास ‘धर्मग्राम’ म्हणतात. ठराविक हद्दींतील कॅथलिक कुटुंबें, त्यांचें एक चर्च आणि त्यांचा एक प्रमुख धर्मगुरु, असा हा संसार असतो. बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यु यांची नोंद त्याच्या वह्यांत होते. अनेक धर्मग्राम मिळून एक धर्मप्रांत होतो व त्यावर बिशप असतो. आपला बुलढाणा जिल्हा १९५५ सालीं निर्माण झालेल्या अमरावतीच्या धर्मप्रांतांत मोडतो. तत्पूर्वीं तो नागपूरच्या धर्मप्रांतांत होता. धर्मगुरूची नेमणूक बिशप करतो आणि कांहीं वर्षांनीं त्याची बदलीही करतो. गांवचें पाटीलपण पूर्वीं घराण्यांत चाले. हें पद तसें नाहीं. गुरु येतात आणि जातात, गांव मात्र तेथेंच राहतें. या एका गोष्टींत पुढील साऱ्या इतिहासाचें मर्म आहे.

१५३४ सालीं गुजरातचा सुलतान बहादुरशहा यानें वसई, साष्टी आणि मुंबईची बेटें पोर्तुगीजांस दिलीं. त्याच सुमारास फ्रान्सिस्कन पंथाचे साधु या किनाऱ्यावर उतरले. त्यांच्यामागून जेझुइट आले. वांद्र्याचें सेंट अँड्र्यू चर्च जेझुइटांनीं १५७५ च्या सुमारास बांधलें. ‘साष्टीचे प्रेषित’ म्हणून ओळखले जाणारे फादर मॅन्युएल गोमिश यांनीं एकट्या वांद्र्यांत सुमारें ६,००० लोकांस बाप्तिस्मा दिला, असें सांगतात. पुढें जेझुइटांनीं तेथें सेंट ऍन नांवाचें विद्यालयही उभारलें.

धर्म बदलला, नांवें पोर्तुगीज झालीं. परंतु कोळ्यानें जाळें सोडलें नाहीं कीं कुणब्यानें शेत सोडलें नाहीं. घरांतली बोली मराठीच राहिली. लग्नांत ‘उंबराचें पाणी’ वाजतगाजत आणण्याची चाल राहिली. रानवर, पाली, चुईम, शेर्ली, चिंबई या पाखाड्या आणि वाड्या आजही त्या जुन्या गांवांच्या खुणा सांगतात. या काळांत पुढारीपण सर्वस्वीं परदेशी साधूंच्या हातीं होतें. हुकूम वरून येई आणि गांव तो पाळी.

कसोटीचा काळ पुढें आला. मुंबई बेट १६६५ सालीं इंग्रजांकडे गेलें होतें. त्यामुळें माहीमची खाडी ही दोन राज्यांची सीमा झाली होती. १७३७ सालीं मराठ्यांनीं साष्टींत मोहीम सुरू केली, आणि १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजीअप्पांनीं वसईचा किल्ला घेतला. त्या धामधुमींत वांद्र्याचें सेंट ऍन विद्यालय जमीनदोस्त झालें. तें मराठ्यांनीं पाडलें नव्हतें. मजबूत इमारत शत्रूच्या हातीं पडूं नये म्हणून इंग्रजांच्या सल्ल्यानें पोर्तुगीजांनींच ती उडविली. सेंट अँड्र्यूचें चर्च तेवढें वांचलें. विद्यालयांतला एकसंध पाषाणाचा, सुमारें सतरा फूट उंचीचा कोरीव क्रूस आज त्याच चर्चच्या आवारांत उभा आहे.

युरोपीय साधु निघून गेले. ज्या पुढाऱ्यांनीं ही वस्ती घडविली ते एकाएकीं नाहींसे झाले. आतां ही वस्ती विस्कटून जाईल, असें कोणासही वाटलें असतें. तसें घडलें नाहीं, याचीं कारणें तीन. पहिलें, वसईच्या तहांत ख्रिस्ती लोकांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली होती. फ्रेंच प्रवासी आंकतिल द्यू पेराँ १७६० सालीं साष्टींतून गेला, तेव्हां मराठी अमलांतील ख्रिस्ती लोक आपले उत्सव उघडपणें साजरे करतांना त्यास आढळले. माउंट मेरीचें देवालयही त्याच सुमारास, म्हणजे मराठ्यांच्याच राज्यांत, पुन्हा उभें राहिलें. दुसरें कारण, गोमंतकीय धर्मगुरूंनीं रिकाम्या जागा संभाळल्या. तिसरें कारण माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचें. मिस्सेला धर्मगुरु लागतो. जपमाळेची प्रार्थना मात्र घरांतील आजीही सांगूं शकते. संध्याकाळीं पाखाडीच्या क्रूसापाशीं मेणबत्ती लावून चार घरचीं माणसें जमलीं कीं तेवढ्यापुरता धर्मग्राम जिवंत राही.

१७७४ च्या अखेरीस साष्टी इंग्रजांनीं घेतली. १७८० सालीं चर्चच्या आश्रयानें सेंट अँड्र्यूची शाळा निघाली. ती आजही चालूं आहे. ज्याचें आयुष्य खडू-फळ्यापाशीं गेलें, त्यास ही नोंद विशेष वाटावी यांत नवल नाहीं. पेशवाई अद्याप नांदत होती, त्या काळीं किनाऱ्यावरच्या एका खेड्यानें आपल्या मुलांसाठीं शाळा काढली. धर्मगुरूची बदली होते, शाळेची होत नाहीं.

पुढील वाद अधिक बिकट होता, कारण तो घरांतला होता. पूर्वेकडील चर्चांवर धर्मगुरु नेमण्याचा हक्क पोर्तुगालच्या राजास जुन्या काळीं मिळाला होता. त्यास ‘पाद्रोआदो’ म्हणत. रोमचें ‘प्रोपागांडा’ मंडळ आपले बिशप निराळे पाठवी. एका गांवांत दोन अधिकारी झाले. १८५३ सालीं खाडीपलीकडे माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्यें हा वाद विकोपास गेला. तेथील लोक पाद्रोआदोच्या बाजूचे. प्रोपागांडाचे बिशप हार्टमन चर्च सोडण्यास तयार होईनात. ते आंत राहिले आणि लोकांनीं बाहेरून कित्येक दिवस वेढा दिला. अखेर सरकारनें मध्यें पडून चर्च लोकांच्या पक्षास दिलें. वांद्र्यांतही फूट पडली. प्रोपागांडाकडे गेलेल्यांसाठीं त्याच सुमारास सेंट पीटरचें चर्च झालें. लोकांच्या बाजूनें न्याय होता कीं अधिकाऱ्यांच्या, हा वाद येथें नको. लोक आपलें चर्च आपलें मानीत होते, एवढें त्यावरून निश्चित ठरतें. आणि आपलेपणाची ही भावना सांवरली नाहीं तर तीच फुटीचें कारण होते, हेंही त्यावरून दिसतें. १९२८ सालच्या करारानें मुंबईंतील हा दुहेरी कारभार संपला.

दरम्यान खेड्याचें उपनगर झालें. अवाबाई जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगींतून माहीमचा बांध झाला. १८४५ पासून होडीवांचून वांद्र्यास जातां येऊं लागलें. मागून आगगाडी आली. बाहेरगांवचे ख्रिस्ती नोकरीस आले, तेव्हां मूळच्या लोकांनीं १८८७ सालीं ‘ईस्ट इंडियन’ हें नांव धारण करून आपली संस्था स्थापिली. १८९६ सालीं प्लेगची सांथ आली. तिच्या निवारणासाठीं उभारलेले कित्येक क्रूस अजून गल्लोगल्लीं दिसतात.

पुढारीपणही हळूहळू देशी हातांत आलें. १९५० सालीं व्हॅलेरियन ग्रेशस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले आणि १९५३ सालीं भारताचे पहिले कार्डिनल. १९७८ सालीं आर्चबिशप झालेले सायमन पिमेंटा हे तर साष्टींतीलच मरोळ गांवच्या ईस्ट इंडियन कुटुंबांतले. ज्या गांवांनीं साडेतीनशें-चारशें वर्षें बाहेरचे गुरु पाहिले, त्यांचाच एक पुत्र सर्वांचा गुरु झाला. १९६२ ते १९६५ या काळांत रोमला भरलेल्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन मागें पडून लोकभाषेंत मिस्सा होऊं लागली, आणि प्रापंचिकांस कारभारांत स्थान मिळालें. १९८३ च्या धर्मकायद्याप्रमाणें प्रत्येक धर्मग्रामांत अर्थविषयक मंडळ असलेंच पाहिजे. सल्लागार मंडळ बिशप ठरवील तेथें असतें; त्यास केवळ सल्ल्याचा अधिकार आहे. अंतिम शब्द धर्मगुरूचाच. ही व्यवस्था पुरेशी आहे कीं नाहीं, याविषयीं कॅथलिक लोकांतच मतभेद आहेत.

आज वांद्र्यांत जुन्या पाखाड्यांचे बंगले पाडून उंच इमारती होत आहेत. नव्या इमारतींतील शेजारी एकमेकांस ओळखत नाहींत. १७३९ सालीं गुरु गेले, पण पाखाडी होती म्हणून धर्मग्राम टिकला. आतां गुरु आहेत, चर्च आहे, शाळा आहे. परंतु पाखाडी विरळ होत आहे. ही दुसरी कसोटी पहिलीपेक्षां सोपी नाहीं. आपल्याकडेही देवस्थानाला पंच मिळतात, शाळेला हेडमास्तर मिळतो. पण संध्याकाळीं पारावर जमणारीं माणसें कमी झालीं, तर त्या पंचांनीं आणि हेडमास्तरानें पुढारीपण करावें तरी कोणाचें? वांद्र्याच्या इतिहासानें हा प्रश्न आपल्यापुढेंही ठेवला आहे.