युद्धनौकेचा सेवा-इतिहास कसा वाचावा : ‘ट्रिंकोमाली’चे उदाहरण

प्रस्तावना

युद्धनौका म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लढाई येते. परंतु एखाद्या नौकेचा सेवा-इतिहास पाहिला, तर तिच्या आयुष्याचा मोठा भाग लढाईबाहेर गेलेला आढळतो. या घटकात आपण मुंबईत बांधलेल्या ‘ट्रिंकोमाली’ या शिडाच्या फ्रिगेटच्या आधारे हे समजून घेऊ.

बांधणी

१८१२ मध्ये ब्रिटिश आरमाराने या नौकेची मागणी मुंबईच्या गोदीकडे नोंदवली. त्या काळात इंग्लंडमध्ये जहाजबांधणीच्या ओक लाकडाची टंचाई होती. ओकमधील आम्लामुळे लोखंडी खिळे गंजतात. सागवानातील तेलामुळे मात्र लाकूड व खिळे दोन्ही दीर्घकाळ टिकतात. नौकेचे आराखडे ‘जावा’ या जहाजावरून पाठवण्यात आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’चा पराभव केला आणि आराखडेही गेले. ते पुन्हा पाठवावे लागले व काम लांबले. अखेर जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली १२ ऑक्टोबर १८१७ रोजी नौका पाण्यात उतरली.

सेवेचे टप्पे

१) *राखीव काळ (१८१९–१८४७)* : नौका इंग्लंडला पोहोचली तेव्हा नेपोलियनविरुद्धचे युद्ध संपलेले होते. ज्या युद्धासाठी तिची मागणी झाली, ते तिला मिळालेच नाही. सुमारे २८ वर्षे ती राखीव ताफ्यात उभी राहिली.

२) *पहिली मोहीम (१८४७–१८५०)* : तोपर्यंत मोठ्या फ्रिगेटचे महत्त्व घटले होते. म्हणून तोफा कमी करून २६ ठेवण्यात आल्या. उत्तर अमेरिका व वेस्ट इंडीज विभागात तिने गस्त घातली. गुलामांचा व्यापार रोखणे हे तिच्या कामांपैकी एक होते.

३) *दुसरी मोहीम (१८५२–१८५७)* : ती पॅसिफिक महासागरात गेली. याच काळात क्रिमियाचे युद्ध झाले. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका खाडीमार्गाला आजही तिचेच नाव आहे.

४) *प्रशिक्षण (१८६० नंतर)* : वाफेच्या जहाजांपुढे शिडाची युद्धनौका मागे पडली. ‘ट्रिंकोमाली’ प्रशिक्षण नौका झाली. १८९७ मध्ये ती भंगारात विकली गेली. पण जॉर्ज व्हीटली कॉब यांनी तिला विकत घेतले. त्यांची ‘फुद्रोयां’ ही नौका त्याच वर्षी ब्लॅकपूलजवळ फुटली होती. तेच नाव पुढे हिला देण्यात आले. १९८६ पर्यंत मुलेमुली तिच्यावर शिकत होती.

पुढे हार्टलपूल येथे दुरुस्ती होऊन १९९२ मध्ये तिला मूळ नाव परत मिळाले. ‘व्हिक्टरी’ तिच्याहून जुनी आहे, पण ती १९२२ पासून कोरड्या गोदीत आहे. त्यामुळे पाण्यावर तरंगणारी सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका ‘ट्रिंकोमाली’च ठरते.

या नोंदीतून काय दिसते?

आता बेरीज करून पाहा. २८ वर्षे राखीव, जेमतेम ८ वर्षे समुद्रावर कामगिरी आणि शतकाहून अधिक काळ प्रशिक्षण. म्हणजेच ती टिकली ती गाजलेल्या लढायांमुळे नव्हे. चांगले लाकूड, कुशल बांधणी आणि दर टप्प्यावर सापडलेला नवा उपयोग, ही तिच्या टिकण्याची कारणे आहेत.

एक गोष्ट मात्र अशा नोंदीत सहसा येत नाही. कप्तानांची नावे आणि तारखा मिळतात, मुख्य बांधणीकाराचे नावही मिळते. पण सागवान तासणाऱ्या, फळ्या जोडणाऱ्या सुतारांची नावे येत नाहीत. त्यांच्या हातांचा पुरावा म्हणजे खुद्द ती नौका. म्हणून इतिहास अभ्यासताना कागदाबरोबर वस्तूही वाचायला शिका.

स्वाध्याय

१) सागवान हे जहाजबांधणीसाठी ओकपेक्षा सोयीचे का ठरले?
२) ‘ट्रिंकोमाली’च्या तोफा कमी करण्यामागील कारण सांगा.
३) तुमच्या परिसरातील एखादी जुनी वास्तू किंवा वस्तू निवडा. तिचा उपयोग काळानुसार कसा बदलला, ते टप्पे पाडून लिहा.