लोकलमध्ये चढण्याआधी



आपल्या बायका मुंबईला हौसेनं कमी आणि कामानं जास्त जातात. कुणाला पेशंट घेऊन परळच्या टाटा हॉस्पिटलात किंवा केईएममध्ये जायचं असतं. कुणाची लेक विरारला नाहीतर कल्याणला दिलेली असते. एखाद्या गटाला महालक्ष्मी सरसमध्ये स्टॉल मिळतो. एक्स्प्रेसनं कल्याण, दादर गाठेपर्यंत सगळ्यांना धीर असतो, पण पुढे लोकल म्हटलं की पोटात गोळा येतो. बऱ्याच गटांनी विचारलं, म्हणून आज आम्ही लोकलबद्दल बोलणार आहोत.

आधी ही गर्दी समजून घेऊ. मुंबई लांबट आणि चिंचोळी आहे. जुन्या कचेऱ्या, बाजार, मोठी सरकारी हॉस्पिटलं बहुतेक दक्षिणेच्या टोकाकडे आहेत. राहायला परवडणारी घरं मात्र उत्तरेला आणि पूर्वेला, ठाणे, डोंबिवली, वसई, विरार, पनवेलकडे सरकत गेली. त्यामुळे सकाळी सगळी माणसं एका दिशेनं शहरात जातात आणि संध्याकाळी उलट दिशेनं घरी परततात. रोज साधारण 70 लाखांच्या आसपास लोक लोकलनं फिरतात. म्हणून सकाळी 8 ते 11 आणि संध्याकाळी 5 ते 9 या वेळा शक्यतो टाळाव्यात. दुपारी तीच लोकल बसायला जागा देते.

मुख्य मार्ग तीन. पश्चिम रेल्वेची लोकल चर्चगेटहून बोरिवली, विरार, डहाणूकडे जाते. मध्य रेल्वेची सीएसएमटीहून दादर, ठाणे, कल्याण आणि पुढे कसारा किंवा कर्जत-खोपोलीकडे. हार्बरची वाशी, पनवेलकडे. दादरला पश्चिम आणि मध्य मार्ग पुलानं जोडलेले आहेत. हार्बरची गाडी कुर्ल्याला बदलता येते.

आता फलाटावरचा इंडिकेटर. त्यावर गाडी शेवटी कुठे जाणार, किती वाजता येणार, धीमी की जलद आणि डबे किती, हे लिहिलेलं असतं. धीमी लोकल प्रत्येक स्टेशनवर थांबते, जलद मधली स्टेशनं सोडते. परळचंच बघा. दादरहून सीएसएमटीच्या दिशेनं परळ पुढचंच स्टेशन आहे, पण तिथे जायला धीमी गाडी लागते. घाईत जलद पकडली, तर परळ डोळ्यांसमोरून निघून जातं. आणि पेशंटला चालवत नसेल, तर दादरला उतरून सरळ टॅक्सी करावी. अंतर थोडं आहे, पैसेही फार लागत नाहीत.

एक गोष्ट कुठल्याच पाटीवर लिहिलेली नसते. लांबची गाडी लांबच्या माणसांची समजली जाते. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये अंधेरी किंवा बोरिवलीला उतरणारी बाई चढली, तर तिला दारापर्यंत पोचणंच कठीण जातं. म्हणून आपल्या स्टेशनच्या जवळपास संपणारी गाडी धरावी. तिला गर्दीही त्या मानानं कमी असते.

महिलांचे डबे कुठे येतात, त्याच्या पाट्या फलाटावर असतात आणि डब्यावर बाईचं चित्र असतं. काही डबे चोवीस तास बायकांचे, तर काही ठरावीक वेळेपुरतेच, म्हणून पाटी वाचावी. बारा वर्षांखालचा मुलगा आईबरोबर महिला डब्यात बसू शकतो, मोठा मुलगा किंवा नवरा नाही. डबा रिकामा दिसला म्हणून शिरू नका, तो प्रथम श्रेणीचा असू शकतो. साध्या तिकिटावर तिथे दंड होतो. दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या पेशंटलाही बसता येतं, हॉस्पिटलचे कागद हाताशी ठेवा. गटाच्या मालाची मोठी पोती असतील, तर लगेजचा वेगळा डबा असतो. त्याचं वेगळं तिकीट खिडकीवर विचारून घ्यावं.

गाडी स्टेशनात 20 ते 30 सेकंदच थांबते. म्हणून चढायची तयारी गाडी येण्याआधी हवी. पदर खोचलेला, ओढणी बांधलेली, पिशवी पोटाशी. लहान मूल कडेवर किंवा हात घट्ट धरून. आधी उतरणाऱ्यांना वाट द्यायची, मग चढायचं. आत गेल्यावर दारात न थांबता मधे सरकायचं. दाराजवळच्या बाईला विचारून घ्यायचं, "ताई, परळ कुठल्या बाजूला येणार?" आपल्या स्टेशनच्या एक-दोन स्टेशनं आधीच दाराकडे निघायचं आणि पुढच्या बाईला "उतरणार का?" असं विचारत राहायचं. बसलेल्या बाईला "कुठे उतरणार?" असं विचारलं तर राग मानू नका आणि विचारायला लाजूही नका. ती उतरली की तिची जागा विचारणारीला, हा तिथला रिवाज आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपण गावाकडच्या बायका जोडीनं, घोळक्यानं जातो. चौघींतल्या तिघी चढतात, चौथी खाली राहते, गाडी हलते आणि ती धावत सुटते. कधी वर चढलेली चालत्या गाडीतून उडी टाकते. अशा वेळी पाय घसरला, तर माणूस फलाट आणि गाडी यांच्या फटीत जातो. ही धावपळ चुकामूक होईल या भीतीनं होते. ती भीती घरूनच काढून टाकता येते.

त्यासाठी चार गोष्टी ठरवून निघा. एक, प्रत्येकीचं तिकीट प्रत्येकीजवळ. चौघींचं मिळून एकच तिकीट काढू नका. दोन, प्रत्येकीकडे थोडे पैसे आणि कागदावर लिहिलेले दोन फोन नंबर. फोन बंद पडतो, कागद बंद पडत नाही. तीन, जिथे उतरायचं त्या स्टेशनचं नाव सगळ्यांना पाठ हवं, म्हातारीला आणि लेकरालासुद्धा. चार, चुकामूक झाली तर कुणीही धावायचं नाही, उडी टाकायची नाही. पुढे गेलेल्यांनी ठरलेल्या स्टेशनवर उतरून त्याच फलाटावर इंडिकेटरखाली थांबायचं. मागे राहिलेलीनं पुढची गाडी बघून यायचं. गर्दीच्या वेळी दर काही मिनिटांनी लोकल असते. पेशंट किंवा लेकरू बरोबर असेल, तर त्याला धरून असलेली बाई आधी चढेल आणि बाकीच्या मागून.

दारात लटकू नका, कुणी लटकत असेल तर त्याला आत जागा द्या. जून 2025 मध्ये मुंब्र्याजवळ वळणावर दोन गाड्या शेजारून जाताना दारातले प्रवासी खाली पडले आणि काहींचा जीव गेला. रूळ ओलांडणं तर नकोच. शेजारच्या रुळावरून येणारी गाडी ऐकू येत नाही. पूल चढायला त्रास होतो, पण बऱ्याच स्टेशनांवर आता सरकते जिने किंवा लिफ्ट आहेत. पावसात गाडी मधेच थांबली तरी रुळांवर उतरायची घाई करू नका, आधी सूचना ऐका. रविवारी निघणार असाल, तर मेगाब्लॉक आहे का ते आदल्या दिवशी विचारून घ्या. दुरुस्तीसाठी त्या दिवशी काही गाड्या बंद असतात.

रात्री उशिरा मोकळ्या डब्यात एकट्यानं बसू नये. जिथे इतर बायका किंवा पोलीस असतील, तो महिला डबा बघावा. कुणी त्रास दिला, काही हरवलं किंवा कुणी पडलं, तर रेल्वेची मदत 139 वर आणि रेल्वे पोलीस 1512 वर मिळतात. हे दोन नंबर त्याच कागदावर लिहून ठेवा.

पुढच्या बैठकीत ज्या मैत्रिणीला मुंबईला जायचं आहे, तिच्यासाठी हा कागद सगळ्यांनी मिळून तयार करा. उतरायचं स्टेशन, मार्ग, धीमी की जलद, फोन नंबर आणि चुकामूक झाली तर थांबायची जागा. एवढं लिहिलेलं असलं, की समोरची गाडी सुटली तरी कुणाच्या जिवाची घालमेल होणार नाही. सुटू द्या ती गाडी, मागून दुसरी येतेच.