नऊ मिनिटांचं कार्टून

आमच्या बालवाडीत एक खेळ असतो. मी ‘डोकं’ म्हटलं की पायाला हात लावायचा, ‘पाय’ म्हटलं की डोक्याला. कानावर पडलेलं तसंच करायची ऊर्मी दाबून उलटं करायचं, हे चार वर्षांच्या पोराला भलतंच जड जातं. निम्मी मुलं डोकंच धरतात आणि स्वतःलाच हसत सुटतात.

असाच खेळ अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठातल्या अँजेलिन लिलार्ड आणि जेनिफर पीटरसन यांनी प्रयोगात घेतला. २०११ साली तो ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’मध्ये छापून आला. चार वर्षांची ६० मुलं, तीन गट. एकानं ‘स्पंजबॉब’ हे कार्टून पाहिलं, दुसऱ्यानं ‘कायू’ नावाचं संथ, घरगुती कार्टून, तिसरा गट चित्रं काढत बसला. वेळ फक्त नऊ मिनिटं. लगेच चाचण्या: डोकं-पाय, ऐकलेले आकडे उलट्या क्रमानं म्हणणं, चकत्यांचा मनोरा नियम पाळून दुसऱ्या खुंटीवर नेणं, आणि जास्त खाऊ मिळावा म्हणून समोरच्या खाऊला हात न लावता थांबणं. स्पंजबॉबवाली मुलं स्पष्ट मागे पडली. कायूवाली आणि चित्रंवाली जवळपास सारखीच. म्हणजे टीव्ही सरसकट वाईट, असं काही यातून निघत नाही.

स्पंजबॉबमध्ये सरासरी ११ सेकंदांना दृश्य पालटतं, कायूमध्ये ३४. म्हणून आधी वेगाकडे बोट दाखवलं गेलं. पण २०१५ मध्ये लिलार्ड यांच्याच गटानं पुन्हा तपासलं, तेव्हा वेगापेक्षा अशक्य घटनांचा भडिमार जास्त नडतो असं दिसलं. जे कधीच घडत नाही त्याचा अर्थ लावता लावता मेंदू दमत असावा, असा त्यांचा कयास आहे. मला तो पटतो.

‘स्पंजबॉब’ दाखवणाऱ्या वाहिनीचा प्रयोगावर आक्षेप होता की हे कार्टून सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी आहे. असेल. घरात मोठा ताई-दादा जे लावेल तेच धाकटं बघतं. दुसरी मर्यादा मात्र खरी: हा परिणाम लगेचचा मोजलेला आहे. तो किती टिकतो, हे या प्रयोगानं पाहिलेलंच नाही.

दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. मी पालकसभेत त्याहून कमी मागते: निदान शाळेला निघण्याआधी कार्टून नको, संध्याकाळी बघू द्या. यावर ‘मग दूध कसं पाजायचं?’ हा प्रश्न हमखास येतो, बहुतेक वेळा आजीकडून.