आधी साधी पोळी, मग पुरणाची!

मागच्या वर्षी जून महिन्यात मी पंधरा हजार रुपये पाण्यात घातले. मी आठवड्यातून तीन दिवस शाळेत मराठी शिकवते, त्या अर्धवेळ पगारातून साठवलेले हे पैसे. "सहा महिन्यांत वेबसाइट बनवायला शिका, घरबसल्या कमवा" अशी पाटी गावातल्या एका क्लासवर झळकली होती. हे म्हणाले, "तुझे पैसे, तू ठरव." मी ठरवलं आणि फी भरून मोकळी झाले.

पहिल्याच दिवशी सरांनी फळ्यावर लिहिलं, 'रिॲक्ट'. वर्गात बाकी सगळी इंजिनिअरिंगची मुलं. मी वहीत सगळं उतरवून घेत होते, पण डोक्यात काही शिरत नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात धीर करून विचारलं, "सर, हे टोकदार कंस कशासाठी असतात?" मागच्या बाकावरून हसू फुटलं. सर म्हणाले, "मॅडम, बेसिक घरून करून यायचं असतं." त्यानंतर मी गेले नाही. फी परत मिळाली नाही. पावतीवर बारीक अक्षरात तसं छापलेलंच होतं.

चार दिवस कुणाशी बोलले नाही. 'तिशी उलटलेली बी. ए. बाई, तुला कशाला हवं होतं हे?' असं स्वतःलाच ऐकवत होते. शेवटी सासूबाईंनीच विचारून काढून घेतलं. त्या एवढंच म्हणाल्या, "गेलं ते गेलं. पण शिकायचं राहिलंय ना अजून?"

मग दुपारी जेवणं आटोपली, की दीड तास मी लेकीच्या जुन्या लॅपटॉपपुढे बसू लागले. नणंदबाईंचा मसाल्यांचा आणि भाजणीचा घरगुती व्यवसाय आहे. त्यांच्यासाठी भाव, फोन नंबर आणि पत्ता असलेलं एक नीटनेटकं पान करायचं, एवढाच संकल्प केला. तो पुरा व्हायला सात महिने लागले. वाटेत जे कळलं ते इथे सांगते. तुमच्यापैकी कुणी या वाटेला लागली, तर निदान तिचे पंधरा हजार वाचावेत.

तीन भाषा, तीन कामं

आपल्याला पडद्यावर जे दिसतं, त्याच्यामागे मुख्यतः तीन भाषा असतात. पहिली एचटीएमएल. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधनसंस्थेत ती तयार केली आणि जगातली पहिली वेबसाइट १९९१ साली सुरू झाली. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हे चित्र, असं ती ब्राउझरला सांगते. वर्गात हसू झालं ते टोकदार कंस याच भाषेचे! कुठली गोष्ट कुठे सुरू झाली आणि कुठे संपली, याच्या त्या खुणा असतात.

दुसरी सीएसएस. रंग, अक्षरांचा आकार, दोन ओळींमधलं अंतर, चौकटी शेजारी-शेजारी की खालोखाल, हे सगळं तिच्याकडे. तिसरी जावास्क्रिप्ट. बटण दाबल्यावर काहीतरी घडायला हवं असेल, तर ती लागते. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली तिचा पहिला नमुना दहा दिवसांत तयार केला होता. भाषा दहा दिवसांत झाली, म्हणून आपणही ती दहा दिवसांत शिकू, असं मात्र कुणी समजू नये!

नणंदबाईंच्या पानाला पहिल्या दोन भाषाच पुरल्या. मसाल्याचे भाव दाखवायला तिसरीची गरजच पडली नाही.

तयार साचे : केव्हा घ्यावे, केव्हा नको

या तीन भाषांवर रचलेली तयार साधनं पुष्कळ आहेत. नावं ऐकून छाती दडपते. पण प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

बूटस्ट्रॅप हे ट्विटरमधल्या दोघांनी २०११ साली खुलं केलेलं साधन. बटणं, तक्ते, वरची पट्टी सगळं तयार मिळतं आणि मोबाइलवर पान आपोआप नीट बसतं. काम झटपट होतं. खोट एवढीच, की स्वतःचे बदल केले नाहीत तर सगळी पानं एकाच छापाची दिसतात.

टेलविंड २०१७ सालचं. त्यात तयार बटण मिळत नाही. रंग, अंतर, आकार यांचे छोटे-छोटे शब्द मिळतात आणि ते जोडून आपण हवं ते घडवायचं. सीएसएस येत असेल तर हात भरभर चालतो. येत नसेल तर ते शब्द नुसते मंत्रासारखे पाठ करावे लागतात.

रिॲक्ट फेसबुकने २०१३ साली सर्वांसाठी खुलं केलं. सतत बदलणारी मोठी पानं, म्हणजे खरेदीची टोपली किंवा आलेल्या संदेशांची यादी, यांच्यासाठी ते उत्तम. नोकरीच्या जाहिरातींतही त्याचं नाव वारंवार दिसतं. व्ह्यू हे २०१४ सालचं, इव्हान यू यांचं. ते त्याच जातीचं, पण मला समजायला सोपं वाटलं. मात्र दोन्ही जावास्क्रिप्टवर उभी आहेत. साधी पोळी लाटता येत नसताना पुरणपोळीला हात घातला, तर पुरण तव्यावर येणारच. माझं क्लासमध्ये नेमकं तेच झालं. दोष माझ्या बुद्धीचा नव्हता, क्रमाचा होता. हे कळायला मला चार महिने लागले!

आणि कोड लिहायचाच नसेल, नुसतं पान हवं असेल, तर वर्डप्रेस आहे. २००३ पासून चालत आलेलं हे साधन मोफत मिळतं. जागेचं भाडं मात्र द्यावं लागतं. ते वापरण्यात कमीपणा अजिबात नाही. शिकायचंय की पान हवंय, हे फक्त आधी ठरवा.

शिकावं कुठून?

मी चार ठिकाणं आलटून पालटून वापरली.

डब्ल्यू-थ्री-स्कूल्सवर एकेक गोष्ट छोट्या उदाहरणाने सांगतात आणि तिथल्या तिथे बदल करून बघता येतो. सुरुवातीला हेच बरं. खोलात शिरायचं, तर मोझिलाचे एमडीएन. माहिती अचूक, पण भाषा जड. पहिल्या महिन्यात मी ते दोनदा मिटून ठेवलं. आता त्याच्याशिवाय चालत नाही.

फ्रीकोडकॅम्प २०१४ पासून आहे, आणि तिथे धडे व प्रमाणपत्र दोन्ही मोफत. प्रत्येक धड्यात स्वतः लिहावं लागतं, चुकलं तर पुढे जाऊ देत नाहीत. माझ्यासारख्या मास्तरणीला ही शिस्त फार आवडली!

चौथं, आय.आय.टी. मुंबईचं स्पोकन ट्यूटोरियल. सुमारे दहा-दहा मिनिटांचे चित्रफितींचे धडे, आणि त्यांतले बरेच मराठी आवाजातही आहेत. सगळेच विषय मराठीत मिळतील असं नाही. पण इंग्रजीची धास्ती असेल तर तिथून सुरुवात करावी.

लिहायला मी मायक्रोसॉफ्टचं व्ही.एस. कोड हे मोफत साधन वापरते. नुसत्या मोबाइलवर हे शिकणं कठीण. जुना का होईना, लॅपटॉप हवा.

मराठी पान असेल तर

ही गोष्ट मला कुठल्याच क्लासने सांगितली नसती. नणंदबाईंच्या पानावर 'मसाला' आणि 'शेवया' लिहिलं, तर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसू लागले. पानाची भाषा मराठी आहे, असं एचटीएमएलच्या पहिल्याच खुणेत 'एम' आणि 'आर' ही दोन अक्षरं घालून सांगितलं, आणि मराठी वळणं असलेला टंक निवडला, की अक्षरं आपली दिसतात. मुंबईच्या 'एक टाइप'चे मुक्ता आणि बालू हे देवनागरी टंक मोफत मिळतात. आणखी एक, दोन ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा थोडं जास्त ठेवावं. नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना धडकतात.

थोडं पैशाचं

- फी भरण्याआधी एक तास वर्गात बसू द्या म्हणावं. नाही म्हटलं, तर तिथून उठावं.
- पहिल्या महिन्यात काय शिकवणार, हे लिहून घ्यावं. एचटीएमएल आणि सीएसएस त्यात नसेल, तर तो वर्ग नवशिक्यांसाठी नाही.
- फी परत मिळण्याची अट पावतीवर वाचावी. मी वाचली नव्हती.
- वेबसाइटचं नाव स्वतःच्याच नावावर नोंदवावं, करून देणाऱ्याच्या नव्हे. त्याला वर्षाला साधारण हजाराच्या घरात खर्च येतो.
- सरावाची पानं गिटहब पेजेसवर फुकट ठेवता येतात. दुकानदारीसाठी मात्र ती जागा नाही, अशी त्यांची अट आहे.

खरं सांगायचं तर मला नोकरी लागलेली नाही. 'घरबसल्या हजारो कमवा' हे माझ्या बाबतीत खरं झालेलं नाही. नणंदबाईंचं पान झालं, त्यावरून एका शिवणक्लासवाल्या बाईंनी आपलं पान करून घेतलं आणि चार हजार रुपये दिले. म्हणजे अजून अकरा हजार फिटायचे आहेत!

पण परवा लेक शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आई, हे टोकदार कंस कशासाठी?" मी हसले नाही. तिला खुर्ची ओढून दिली आणि पहिल्या ओळीपासून सांगायला लागले.