कोरा कागद आणि मे महिन्याचे ऊन

वऱ्हाडातल्या खामगावचे अक्षांश सुमारे २०.७ अंश उत्तर. त्यामुळे मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात एक दिवस असा येतो की मध्यान्हीला सूर्य थेट माथ्यावर असतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडातच गडप होते. २२ डिसेंबरच्या आसपास तोच खांब भर दुपारी बारालाही जवळजवळ आपल्या उंचीएवढी सावली टाकतो. ऊन दाखवायचे ते सावलीच्या जोरावर, हा चित्रकलेच्या वर्गातला पहिला धडा. डिसेंबरात तो चालतो, मेमध्ये कुचकामी ठरतो. सावलीच हाताशी नसेल तर ऊन दाखवायचे कशाने? माझे म्हणणे असे की मोकळ्या जागेवाचून वऱ्हाडातल्या उन्हाळ्याचे चित्र होतच नाही. ती जागा कशी राखायची याची युक्ती मराठी चित्रकारांना निदान शंभर वर्षे ठाऊक आहे. वऱ्हाडासाठी ती फारशी कोणी वापरली नाही, एवढेच.

ही युक्ती पारदर्शक जलरंगाची. त्यात पांढरा रंग लावायचा नसतो. उजेड हवा तिथे कागद कोरा सोडायचा, आणि हे पहिला ब्रश टेकण्याआधी ठरवायचे. तेलरंगात राहून गेलेला उजेड मागाहून वर चढवता येतो. इथे पातळ रंगाचा वॉश एकदा पसरला की कागदाचा मूळ पांढरेपणा गेला. कापसाच्या गंजीवर हे नीट पाहता येते. खामगावचा कापूस नेण्यासाठी जलंब ते खामगाव ही आगगाडीची छोटी शाखा १८७० मध्ये सुरू झाली. गावाचे सारे भाग्य या पांढऱ्या ढिगाभोवती फिरले. असा ढीग जलरंगात रंगवायचा म्हणजे त्याला जवळजवळ हात न लावणे. मागची भिंत थोडी गडद करायची, बुडाशी निळसर करड्या रंगाची पातळ पट्टी ओढायची, जिथे कापूस दबला आहे तिथे दोन-तीन मऊ ठिपके द्यायचे आणि बाकी कागद तसाच ठेवायचा. प्रत्येक बोंड काढायला गेले की ढिगाचे लाह्यांचे पोते होते.

मराठी चित्रकलेत ही युक्ती जुनी आहे. चित्रकार सावळाराम हळदणकरांचे (१८८२–१९६८) दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. पुष्कळांना ते राजा रविवर्म्याचे तैलचित्र वाटते. प्रत्यक्षात ते हळदणकरांचे जलरंगातले काम. ज्योत तळहाताआड आहे. उजेडाचे मूळ दिसत नाही, बोटांच्या फटींतून आणि चेहऱ्यावर त्याचा परिणाम दिसतो. भोवती सामानसुमान नाही, म्हणून तो उजेड टिकतो. प्रसंग घरगुती, रोजचा. त्याला तोलून धरले आहे ते न भरलेल्या जागेने.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: मोकळी जागा ही चीन-जपानची आवड, आपली परंपरा भरगच्च. आपल्या बारमासा चित्रमालिकांत ऋतू येतो तो ढग, सण, झाडे आणि नायक-नायिकांच्या गर्दीतून, हे खरेच. पण जपानी चित्रकार हिरोशिगेच्या १८५६ ते १८५८ मधल्या एदोच्या दृश्यांतही गर्दी काही कमी नाही, आणि ती मालिका ऋतूंनुसारच लावलेली आहे. दुसरीकडे नागावचे चित्रकार प्रभाकर बरवे पान, शंख, घड्याळ अशा साध्या वस्तू विस्तीर्ण मोकळ्या पृष्ठभागावर ठेवत, आणि त्यांच्या मराठी पुस्तकाचे नावच ‘कोरा कॅनव्हास’. तेव्हा मोकळ्या जागेला परकी ठरवण्यात अर्थ नाही. बरव्यांच्या जागेत ऋतू नाही, एवढा फरक मात्र मान्य करायला हवा.

दुसरा आक्षेप जड आहे. विदर्भातले रिकामे वावर म्हणजे कर्ज आणि नापिकी. त्याचे सुंदर चित्र काढणे हा निर्दयपणा नाही का? नजर निष्काळजी असेल तर आहेच. पण सगळी रिकामी जागा सारखी नसते. मेमधले वावर उन्हाळवाही झालेले असते, ढेकळे तापत पडलेली असतात; ते रिकामेपण मुद्दाम केलेले, पेरणीची वाट पाहणारे. जुलैत पावसाने ओढ दिल्यावर कपाशीच्या तासांत नांग्या पडतात, तेव्हा तेवढ्याच मातीचा अर्थ पार बदलतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पऱ्हाट्या उपटलेले वावर तिसरेच. पहिल्या चित्रात जमीन धुऱ्यापर्यंत अखंड फिकट सोडावी लागेल. दुसऱ्यात हिरव्या ओळी आधी बांधून मग त्या तोडाव्या लागतील, म्हणजे न उगवलेले रोप डोळ्याला खुपेल. नापिकी दाखवायची झाली तरी मोकळ्या जागेची पारख हवीच. नुसत्या भेगा आणि कपाळावर हात घेऊन बसलेला म्हातारा काढून ते भागत नाही, आणि असली चित्रे आपण उदंड पाहिली आहेत.

मग ही पारख मुलांच्या हातात का येत नाही? एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षांत स्मरणचित्र हा विषय आहे: बाजार, बसस्थानक, पाणवठा असे रोजचेच प्रसंग. पण कोपरे मोकळे राहिले की चित्र अपुरे, ही समजूत पक्की. मग आकाश निळ्याने थापले जाते आणि खामगावच्या मे महिन्यातले दुपारचे आकाश निळे नसून पांढुरके असते, याकडे कुणाचे लक्ष जात नाही. परीक्षेला वेळेचे बंधन असते, मुले आकृत्यांवर भर देणारच, असे कलाशिक्षक म्हणतील. ते रास्तच आहे, पण मोकळी जागा राखायला उलट कमी वेळ लागतो. लागतो तो आधीचा विचार. प्रश्नपत्रिकेत ‘बसस्थानक’ एवढेच न छापता ‘मे महिन्यात दुपारी बाराचे बसस्थानक’ असे छापले आणि गुण देताना सावली पायाखाली आहे की नाही हे पाहिले, तर एवढ्या एका ओळीने पुष्कळ बदल होईल.