साधी जुनी मोटार

मोटार हें केवळ श्रीमंतांचें वाहन, असा पुष्कळांचा समज आहे. परंतु साधी, भरंवशाची जुनी मोटार नव्या गाडीच्या किंमतीच्या अल्पशा अंशांत मिळते व मध्यम स्थितीच्या कुटुंबासही परवडते.

सोलापूरकरांस ह्या विषयीं विशेष आपुलकी वाटावी. ह्याच शहरीं १८८२ सालीं जन्मलेले उद्योगपति वालचंद हिराचंद ह्यांनीं १९४४ मध्यें प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली व मुंबईस कुर्ला येथें मोटारींचा कारखाना उभारला. इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्यानें तेथें बनलेली '११०० डी' ही गाडी पुढें १९७४ च्या सुमारास 'पद्मिनी' ह्या नांवानें घरोघर परिचित झाली. तिची निर्मिति थांबून सुमारें दोन तपें लोटलीं. मुंबईच्या टॅक्सींतूनही ती ऑक्टोबर २०२३ मध्यें निवृत्त झाली. तरी हौशी लोकांनीं जपलेल्या कांहीं पद्मिनी अद्यापि धावत आहेत.

ह्या दीर्घायुष्याचें मर्म साधेपणांत आहे. तिचें इंजिन अवघें १०८९ घनसेंटिमीटरचें. कार्बुरेटर हवेंत पेट्रोल मिसळतो आणि डिस्ट्रिब्यूटर चारही सिलिंडरांस क्रमानें ठिणगी पोंचवितो. म्हणून गाडी अडली, तर प्रथम दोनच गोष्टी पाहाव्या : पेट्रोल येतें काय? ठिणगी पडते काय? आमच्याकडील वैशाखांत अशा जुन्या गाड्यांच्या नळींतच कधीं कधीं पेट्रोलची वाफ होते व पंपास तें ओढतां येत नाहीं. पंपावर ओलें फडकें ठेवून थोडें थांबावें, म्हणजे वाफेचें पुनः पेट्रोल होऊन इंजिन चालूं लागतें. शाळेंत शिकलेला बाष्पीभवनाचा धडा असा भर रस्त्यांत उपयोगीं पडतो!

तथापि स्वस्ताईस भुलूं नये. पालकांनीं रंगाच्या तकाकीपेक्षां गाडीचा तळ निरखावा. गंजलेला पत्रा बदलण्याचा खर्च कित्येकदां मूळ किंमतीहूनही अधिक होतो. नोंदणीस १५ वर्षें झाल्यावर दर ५ वर्षांनीं तिचें नूतनीकरण करावें लागतें. तीं कागदपत्रें आधींच पडताळावीं. शिवाय अपघातसमयीं फुगून रक्षण करणारी हवेची पिशवी जुन्या गाडींत नसते, हें ध्यानीं ठेवून वेग आवरावा.

विद्यार्थिमित्रहो, रविवारीं सकाळीं वडिलांबरोबर बॉनेट उघडून तेल, पाणी व टायरांतील हवा पाहण्यास अर्धा तास पुरे होतो. ज्या घरीं हा अर्धा तास नेमानें दिला जाईल, त्याच घरास आम्ही जुनी मोटार घेण्याचा सल्ला देऊं.