कारखाना बंद पडतो तेव्हा पगाराचं काय होतं?

ताई, तुमच्या गटातल्या किती जणींची मुलं चाकण, रांजणगावच्या कंपन्यांत आहेत? गटाचा हप्ता बऱ्याचदा त्यांनी पाठवलेल्या पैशातूनच भरला जातो. म्हणून ही चीनमधली गोष्ट सांगतेय.

दक्षिण चीनमध्ये डोंगग्वान हे कारखान्यांचं मोठं शहर. तिथे स्मार्ट युनियन नावाची कंपनी मॅटेल, डिस्नेसाठी खेळणी बनवायची. कामगार ६,५०० च्या आसपास, बहुतेक लांबच्या खेड्यांतून आलेले. ऑक्टोबर २००८ मध्ये कारखाना अचानक बंद झाला. पगार थकलेला. कामगार सरकारी कचेरीसमोर जमले, तेव्हा कुठे तिथल्या सरकारनं सुमारे २ कोटी ४० लाख युआन काढून थकलेला पगार दिला. नोकरी मात्र गेली ती गेलीच.

दुखणं जुनं होतं. अमेरिकेत मंदी आली, खेळणी कोण घेणार? प्लास्टिक महागलं, मजुरी वाढली. २००७ मध्ये रंगात शिसं सापडल्यानं मॅटेलनं चीनमध्ये बनलेली लाखो खेळणी परत मागवली होती, तेव्हापासून तपासणीचा खर्चही चढला. त्यात जून २००८ मध्ये कारखान्यात पुराचं पाणी शिरलं. सहामाहीचा तोटा कंपनीच्या कागदावर होता. पण ते कागद कामगाराला कोण दाखवतं? त्याला दिसतं ते एवढंच, की ओव्हरटाईम बंद झाला आणि दहा तारखेचा पगार वीसला आला.

आपल्याकडे असं दिसलं की मुलांना आधी पीएफचं पासबुक बघायला सांगा. पगारातून कापलेली रक्कम खात्यात जमा झालीच असेल, असं धरून चालू नका. यूएएन नंबर असेल तर मोबाईलवर उमंग ॲपमध्ये कळतं. जमा नसेल तर पीएफ कार्यालयात तक्रार करावी, आणि तीही कंपनी चालू आहे तोवरच. गेटला कुलूप लागल्यावर कागद मागायचे कुणाकडे? पगाराची पावती, हजेरी कार्ड, नेमणुकीचं पत्र यांचे फोटो घरच्या मोबाईलवर पाठवून ठेवू द्या. पोरगा ठेकेदाराकडे असेल तर ठेकेदाराचं नावही लिहून घ्या, बऱ्याच घरी ते माहीतच नसतं.

कायम कामगाराची सलग ५ वर्षं भरली असतील, तर दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार ग्रॅच्युइटी म्हणून मिळतो. कंपनी बंद पडली म्हणून तो हक्क बुडत नाही.

ॲप उघडायला जमत नसेल तर मुलाचा यूएएन नंबर आणि त्याचा फोन चालू ठेवून पुढच्या बैठकीला या. ओटीपी त्याच्याच फोनवर येतो.